टक्का हे माप नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत विजेवरच्या गाड्यांवर पानभर मजकूर होता. दोनदा वाचला. त्यात 'किलोमीटरला एक रुपया' तीनदा आले आणि 'अर्थिंग' (गळती वीज जमिनीत नेणारी जोडणी) हा शब्द एकदाही आला नाही. लिहिणाऱ्याने गाडी शोरूमच्या दारापासून सिग्नलपर्यंत नेऊन परत आणली असावी, असा माझा संशय आहे. राग नाही, पण तीन वर्षे ही गाडी वापरणाऱ्याने चार ओळी लिहायला हव्यात असे वाटले.

मी 31 वर्षे वैधमापन खात्यात होतो. जुन्या लोकांच्या भाषेत वजनेमापे. किराणा दुकानातले तराजू, सोनाराचे काटे, वजनकाटे आणि पेट्रोल पंप तपासणे हे काम. पंपावर गेलो की पाच लिटरचे माप मागवायचे, नॉझल त्यात सोडायचे, फेस बसू द्यायचा आणि मानेवरची रेघ वाचायची. पाच लिटरला 25 मिलिलिटरपर्यंत फरक चालतो, त्यापुढे गेला की पंप बंद. सवय अशी लागली की घरी दुधाची पिशवीसुद्धा मी हातात तोलून घेतो. सौ. म्हणते, "अहो, खाते सुटले, आता तरी सोडा." असा माणूस ऑक्टोबर 2022 मध्ये निवृत्तीच्या पैशातून विजेची गाडी घेतो, तेव्हा काय होईल? मी पहिल्या दिवशी वही घातली. आज त्या वहीत 34,000 किलोमीटर आहेत.

साताऱ्यात गाडी कुठेही उभी केली की एकच प्रश्न येतो. "किती देते?" पोवई नाक्यावर, मंडईत, लग्नाच्या मांडवात, एकदा तर स्मशानभूमीच्या फाटकात. प्रश्न रास्त आहे. पण उत्तर देताना माझी अडचण होते. कागदावरचा आकडा तीनशेच्या वर आहे. साताऱ्याहून पुण्याला 80 च्या वेगाने गेलो तर अडीचशेच्या आसपासचा हिशेब बसतो. 100 ने गेलो तर दोनशेला घरघर लागते (गाडीला नाही, मला). उलट्या वाऱ्यात त्याहून कमी. पेट्रोलच्या गाडीतही हा फरक पडतोच, पण तिथे कोणी बघत नाही, कारण पंप दर पाच मैलांवर असतो.

त्याहून मोठी भानगड टक्क्यांची. समोरच्या पडद्यावर गाडी सांगते, 64 टक्के. कशाचे 64 टक्के? बॅटरी नवी होती तेव्हा तिच्यात जेवढे युनिट मावत, तेवढे आज मावत नाहीत, हे कंपनीच सांगते, म्हणूनच तर 8 वर्षांची हमी देते. म्हणजे 2022 चे 100 टक्के आणि आजचे 100 टक्के एक नव्हेत. आमच्या खात्यात एखाद्या दुकानदाराने "साहेब, किलोच आहे, पण माझा किलो दरवर्षी थोडा आटतो" असे सांगितले असते, तर मी तिथेच पंचनामा केला असता. टक्का हे माप नव्हे. माझी पहिली मागणी एवढीच आहे की पडद्यावर टक्क्यांच्या शेजारी युनिट दाखवा. गाडीच्या संगणकाला ते माहीत असतात, फक्त मालकाला सांगायचे नसतात.

गाडीबद्दल माझी तक्रार आहे असा समज मात्र होऊ नये. चालवायला अशी गाडी मी आयुष्यात वापरली नाही. क्लच नाही, गिअर नाही, खंबाटकीच्या चढावर मागच्या ट्रकचा दाब नाही. आणि घाट उतरणे हा तर निराळाच आनंद. पाचगणीहून 38 टक्क्यांवर निघालो आणि पसरणी घाट उतरून वाईत आलो तर 41. उतारावर पाय उचलला की मोटरच जनित्र होते, वेग अडवते आणि बॅटरीत वीज परत घालते. सौ. ने पहिल्यांदा पाहिले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे वर जातानाचे पैसे परत देते?" सगळे नाही, पण देते. मात्र एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती. पुढच्या खेपेला पाचगणीच्या हॉटेलात रात्रभर चार्जिंगला लावून सकाळी ऐटीत 100 टक्क्यांवर निघालो. पहिल्याच वळणावर पाय उचलला, तर गाडी सुसाट. भरलेल्या घागरीत आणखी पाणी कुठून मावणार? बॅटरीत जागाच नाही म्हटल्यावर मोटर अडवणार कशी? ब्रेक अर्थात चालू होते, पण त्या दोन सेकंदांत हाताला घाम फुटला. घाटमाथ्यावर मुक्काम असेल तर 85 वर थांबवा. हे माहितीपुस्तकात कुठेतरी असेलही. शोरूममधल्या मुलाने मात्र मला अर्धा तास सनरूफ दाखवले.

आता अर्थिंग.

माझे मूळ गाव वाई तालुक्यात आहे. बावधनच्या बगाडाच्या जत्रेला आम्ही दरवर्षी गावी जातो. बगाड फाल्गुनात, रंगपंचमीला, म्हणजे उन्हाचा चटका सुरू झालेला असतो. पहिल्या वर्षी गाडी घेऊन गेलो, ओसरीवरच्या 15 अँपिअरच्या सॉकेटमध्ये सोबतचा चार्जर लावला आणि त्याचा लाल दिवा लागला. काढला, पुन्हा लावला. लालच. दुसऱ्या खोलीतून वायर ओढली, तिथेही लाल. गाडीत 19 टक्के. बगाड बघायला आलेले अर्धे पाहुणे आता गाडी बघायला उभे. थोरले बंधू, त्यांना आम्ही तात्या म्हणतो, कट्ट्यावर बसून म्हणाले, "अरे, बैलं आहेत गोठ्यात. जुंपू का?"

गावच्या वायरमनला निरोप गेला. तो आला तो टेस्ट लॅम्प घेऊनच. टेस्ट लॅम्प म्हणजे होल्डर, त्यात 100 चा बल्ब आणि दोन मोकळ्या वायरी. त्याने एक वायर फेजला, दुसरी न्यूट्रलला लावली. बल्ब लख्ख. मग न्यूट्रलची काढून अर्थच्या भोकात घातली. बल्ब कसला, आतली तार नुसती तांबूस झाली, विझत आलेल्या उदबत्तीसारखी. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "साहेब, अर्थिंग मेलंय."

अर्थिंगचा खड्डा न्हाणीघराच्या मागे. तीसेक वर्षांपूर्वी घराची वायरिंग झाली तेव्हा कोळसा आणि मीठ घालून पट्टी पुरलेली. पूर्वी न्हाणीचे पाणी तिथेच मुरायचे, माती ओली राहायची. मधे गटारयोजना आली, सांडपाणी पाइपातून गेले आणि खड्डा कोरडा ठणठणीत पडला. कोरडी माती वीज वाहून नेत नाही. चार्जर गाडीला वीज देण्याआधी अर्थ तपासतो, अर्थ नसेल तर देत नाही, आणि ते बरोबरच आहे. वायरमनने खोऱ्याने वरची माती उकरली, वहिनींकडून जाड्या मिठाची पिशवी मागून घेतली, ती आत रिकामी केली आणि पुतण्याने विहिरीवरून चार घागरी पाणी आणून हळूहळू ओतले. अर्धा तास चहा. पुन्हा बल्ब लावला. या वेळी पिवळा, पूर्ण नाही पण वाचता येईल इतका. चार्जर लावला. हिरवा! तात्या म्हणाले, "म्हणजे हिला आधी पाणी पाजायचं आणि मग वीज."

हसलो सगळे. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्या डोक्यात दुसरेच आले. त्या घरात फ्रिज आहे, मिक्सर आहे, पत्र्याचे वॉशिंग मशीन आहे, आणि ओल्या हाताने त्यांना शिवणारी माणसे आहेत. गटारयोजना होऊन किती वर्षे झाली कोण जाणे, तेव्हापासून या घराला अर्थिंग नव्हते आणि एकाही यंत्राने ते सांगितले नाही. गाडीने पहिल्या दिवशी सांगितले. मिठाचे पाणी हा तात्पुरता इलाज. मे महिन्यात नवा खड्डा खणून तांब्याची प्लेट टाकली, वर पाणी घालायला पाइप ठेवला आणि मेनला गळती ओळखणारा ब्रेकर बसवला. गाडी विकणाऱ्याने चावी देण्याआधी घरच्या अर्थिंगची चाचणी करून त्याचा कागद द्यावा, ही माझी दुसरी मागणी. गॅस कनेक्शन देताना घरी येऊन शेगडी बघतात, मग इथे का नाही? आणि 15 अँपिअरच्या साध्या सॉकेटवर सहा-सात तास भार चालला की ते मऊ पडते. आमचे एक पडले. औद्योगिक सॉकेट बसवा, पाचशे-सातशे रुपयांचे काम आहे.

साताऱ्याच्या घरी मी गाडीच्या लाइनीला वेगळा सब-मीटर लावला आहे. गेल्या महिन्याचा आकडा सांगतो: 1,020 किलोमीटर, 148 युनिट. म्हणजे युनिटला 6.9 किलोमीटर. गाडीचा पडदा मात्र 8.1 दाखवत होता. गाडी खोटे बोलत नाही, ती बॅटरीतून बाहेर पडलेले युनिट मोजते. भिंतीतून निघालेली वीज बॅटरीत पोहोचेपर्यंत काही भाग उष्णतेत जातो, काही गाडीच्या स्वतःच्या संगणकाला लागतो. पैसे मात्र भिंतीतल्या युनिटचे भरायचे असतात. आमचे दोघांचे घर 180 युनिटांत भागते. गाडीचे 148 मिळवले की 300 ची वेस ओलांडली आणि त्यापुढचा दर चढला. पुरवणीतला 'एक रुपया किलोमीटर' या वेशीच्या अलीकडचा आहे. जुलै 2025 पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळातल्या विजेवर युनिटमागे 80 पैशांपासून 1 रुपयापर्यंत सवलत आहे. आमच्यासारख्या पेन्शनरांना ती सोयीची आहे, नाश्ता झाला की गाडी लावतो. पण ज्यांची गाडी त्या वेळात ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभी असते, त्यांनी काय करायचे? ऑफिसात सॉकेट द्या, नाहीतर रात्रीचाही विचार करा.

बाणेरला लेकीकडे जातो तेव्हा गाडी तिच्या सोसायटीत उभी असते आणि चार्ज होत नाही. तिने तिच्याच मीटरवरून, तिच्याच पार्किंगपर्यंत, स्वखर्चाने वायर आणायची परवानगी मागितली. समितीने विषय तीन सभांत पुढे ढकलला. "आग लागली तर?" असे विचारणाऱ्या गृहस्थांची स्कूटर पेट्रोलच्या भरल्या टाकीसकट जिन्याखाली असते. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या सप्टेंबर 2024 च्या मार्गदर्शक तत्त्वांत घरच्या वीजजोडणीवर गाडी चार्ज करायला मुभा आहे. मी त्याची प्रत काढून दिली. ती आता फाइलला लागली आहे.

बारीकसारीक गमती पुष्कळ. नाकाबंदीला हवालदाराने पीयूसी मागितली. हिरवी नंबरप्लेट दाखवली, या गाडीला पीयूसी लागत नाही म्हटले, तर तो म्हणाला, "बरं, मग इन्शुरन्सला जोडलेली दाखवा." आवाज नसल्यामुळे सकाळी फिरायला निघालेली आमच्याच वयाची माणसे बाजूला होत नाहीत आणि हॉर्न दिला की दचकतात. कमी वेगात गाडीने स्वतःच आवाज करावा असा मसुदा रस्ते वाहतूक मंत्रालयाने 2025 मध्ये काढला आहे, तो लवकर पक्का व्हावा. राज्य सरकारने अटल सेतू, समृद्धी आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर टोलमाफी जाहीर केली तेव्हा मला अकरा जणांनी अभिनंदनाचे फोन केले. आमचे आनेवाडी आणि खेड-शिवापूर हे टोलनाके राष्ट्रीय महामार्गावर येतात. तिथे मी पूर्वीइतकाच टोल भरतो.

आणि एवढी मोठी बॅटरी पोटात असूनही, पुढच्या बॉनेटखालची 12 व्होल्टची छोटी बॅटरी बसली की गाडी दारसुद्धा उघडत नाही. लाखो रुपयांची गाडी शेजारच्या रिक्षाच्या बॅटरीवर उठवली आहे मी.

आता ज्यासाठी खरे म्हणजे हे पत्र लिहायला घेतले ते सांगतो.

महामार्गावरचे चार्जिंग. शिरवळच्या अलीकडे एका हॉटेलच्या आवारात जलद चार्जिंगचे यंत्र आहे. मी तिथे बऱ्याचदा थांबतो. मार्चमधल्या एका दुपारी गाडी 22 टक्क्यांवर लावली, 80 ला काढली. त्यापुढे थांबत नाही, कारण शेवटचे 20 टक्के बॅटरी घुटके घेत पिते आणि मागे दुसरा ताटकळत असतो. 58 टक्के म्हणजे माझ्या गाडीच्या हिशेबाने साडेसतरा युनिट. बिल आले 19.6 चे. साधारण 12 टक्के जास्त. मी 25 मिलिलिटरसाठी पंप बंद केलेला माणूस. तो फरक अर्ध्या टक्क्याचा असायचा!

लबाडी झाली असे मी म्हणत नाही. यंत्रातला मीटर कुठे बसवलाय यावर सगळे आहे. वीज यंत्रात शिरते तिथे तो असेल, तर यंत्राच्या आत तापून गेलेले युनिटही माझ्या नावावर. गाडीला लावायच्या गनच्या (प्लगच्या) तोंडाशी असेल, तर फक्त माझ्या गाडीत आलेले. शिवाय उन्हाळ्यात गाडीची बॅटरी थंड ठेवायला काही वीज जाते, ती गाडीची. मी यंत्राभोवती दोनदा फिरलो. तपासणीचा शिक्का मला दिसला नाही, सील दिसले नाही, शेवटची तपासणी कधी झाली याची तारीख दिसली नाही. पंपावर कोणताही ग्राहक पाच लिटरचे माप मागू शकतो, तक्रारवही मागू शकतो. इथे मागायचे कोणाकडे? तिथे कोणी नसतेच. फोन लावला तर दुसऱ्या राज्यातली एक मुलगी विनम्रपणे म्हणाली, "सर, ॲप अनइन्स्टॉल करून परत टाका."

ॲपचे तर विचारूच नका. माझ्या फोनवर नऊ आहेत. प्रत्येकाचे पाकीट वेगळे, प्रत्येकात आधी पैसे भरायचे. मी वहीत बेरीज केली: 1,164 रुपये नऊ ठिकाणी अडकून पडले आहेत, कुठे 40, कुठे 310. भाजीवाली कोथिंबिरीच्या दहा रुपयांना क्यूआर पुढे करते. चार्जिंगच्या यंत्राला ते का जमू नये? दरही फलकावर नाही, ॲपमध्ये. एका यंत्राला 18 रुपये, त्याच रस्त्यावर पुढच्या यंत्राला 24. त्यात 18 टक्के जीएसटी धरलाय की वेगळा, हे बिल आल्यावर कळते. गाडी विकत घेताना 5 टक्के आणि तिला खाऊ घालताना 18, ही कोणाची अक्कल?

विजेच्या गाड्यांसाठीच्या केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंग केंद्रांसाठी 2,000 कोटी रुपये ठेवले आहेत. राज्याच्या 2025 च्या धोरणात राष्ट्रीय महामार्गावर दर 25 किलोमीटरला जलद चार्जिंगची सोय करायची म्हटले आहे. करा. पण यंत्रे उभी करताना पेट्रोल पंपाला लावलेला नियम इथेही लावा. दराचा फलक. मीटरवर वार्षिक तपासणीचा शिक्का आणि तो मीटर गनच्या बाजूला. ॲपशिवाय पैसे घेण्याची सोय. डोक्यावर छप्पर, कारण पावसात गन लावताना शॉक बसत नाही हे मला पटले तरी सौ. ला पटत नाही. प्यायचे पाणी, स्वच्छतागृह आणि रात्रीचा दिवा. माझ्या जुन्या खात्याने यात लक्ष घालावे. नवीन निरीक्षकांना हवी असेल तर माझी वही देतो, अक्षर बरे आहे.

शिरवळच्या अलीकडच्या त्या हॉटेलचा वॉचमन आता मला ओळखतो. गाडी वळली की खुर्चीतून उठतो आणि विचारतो, "काका, आज किती फरक?" येणारा प्रत्येक जण त्यालाच दर विचारतो म्हणून वैतागून त्याने यंत्राच्या बाजूला खडूने लिहून ठेवले आहे: '24 रु युनिट. ॲप लागतं. रेंज लिंबाखाली येते. संडास हाटेलात.' पावसाळ्यात पुसते. मग परत लिहितो.

आपला,
एक सेवानिवृत्त निरीक्षक,
शाहूपुरी, सातारा